घर हवेशीर ठेवलं आहे

४ फेब्रुवारी

चि. चिमण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पितळी ताटावर लाकडी पळी आपटल्याचा आवाज तुला आठवतो का रे? ठण्, ठण्, ठठण्. आज सकाळी दूधवालीनं किटलीचं झाकण पायरीवर आपटलं आणि मी अंथरुणातल्या अंथरुणात तिसरीतला झालो. आई पुढे धावते आहे, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, मान वर. तिच्या मागे तू, हातात पातेल्याचं झाकण. तुझ्या मागे मी, हातात काहीच नाही, नुसता ओरडतो आहे. आणि आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर तो मधमाश्यांचा ढग, गुणगुणत, वळत, जणू कुणीतरी आभाळात पीठ चाळतं आहे. गुरुजींनी आदल्याच दिवशी वसंताची कविता घेतली होती. कवितेत वसंत अगदी गुपचूप पावलांनी येतो. मला वाटलं, गुरुजींना चुकीची माहिती मिळाली आहे.

थवा ओढ्यापलीकडे गेला आणि करवतवाल्याच्या दाराच्या चौकटीवर बसला. नेमका त्याच्याच! पाटाच्या पाण्यावरून आईनं त्याच्याशी बोलणं टाकलेलं. त्यानं आपल्याला येताना पाहिलं आणि दार लावून घेतलं. आई दारात उभी राहून वाजवतच राहिली. "थवा माझा आहे. पेटी दे." शेवटी दार उघडलं. त्यानं तोंड वाकडं केलं, पण रिकामी पेटी दिली आणि आत बोलावून तांब्याभर पाणी दिलं. आपल्या भागातल्या मधवाल्यांचा कायदाच तो. थव्यामागे वाजवत जो येईल, थवा त्याचा. आणि ज्याच्या दारात बसेल त्यानं दार उघडायचं, पेटी द्यायची, पाणी विचारायचं, समोर वैरी का असेना. आई म्हणायची, माश्यांना आपली भांडणं कळत नाहीत.

त्या माश्या पेटीत काही राहिल्या नाहीत. दोन दिवसांत उठल्या आणि आपल्या तुतीच्या ढोलीत गेल्या. मग आपलं अख्खं आयुष्य तिथेच होत्या. म्हणजे, परवापरवापर्यंत होत्या. असो.

तुझं कार्ड मिळालं. मार्चअखेर तुम्ही दोघं कायमचे इकडे राहायला येणार, आनंद आहे. सूचनाही वाचल्या. वसंत लागला की ओढ्यापलीकडच्या तुमच्या नव्या घराच्या सगळ्या खिडक्या उघडून घर हवेशीर ठेवायचं. नळ गंजू नयेत म्हणून पाणी सोडायचं. माळ्यावर कोंदट वास येतो, त्याचं छोटं दार उघडं ठेवायचं. शेकोटीच्या धुराड्यावरचं झाकण काढायचं. सगळं अक्षरशः करीन. किल्ली माझ्या उशाशी आहे.

डोळे उत्तम आहेत. मोतीबिंदू काढला त्या डोळ्यानं आता मला डोंगरावरची शेळीसुद्धा दिसते. दवाखान्यात पोचवायला तू स्वतः आलास, गाडीत माझ्या पाठीला उशी दिलीस, वाटेत "दादा, घाबरू नकोस" म्हणालास. ते मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी

चि. चिमण्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन करू नकोस. फोनवर तू "हो हो, दादा" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्रात मला तुझं "हो हो" ऐकू येत नाही, बरं वाटतं.

तर, खिडक्या उघडल्या. बैठकीतल्या त्या भिंतभर काचा सरकवल्या तेव्हा खालच्या खोबणी अशा कुरकुरल्या की बांधावरचा ससा दचकून दोन पायांवर उभा राहिला. झोपायच्या खोल्या, न्हाणीघर, माळा, सगळं उघडं. पुढचं दार वाऱ्यानं मिटत होतं, त्याला दगड लावला. दगड कुठला म्हणशील, तर तुतीच्या पारावरचा. पाराला आता काही काम उरलं नाही.

इकडे ऋतू पालटतो आहे. सकाळी गवतावर दव असतं पण बोटं आखडत नाहीत. मोहरी पिवळी झाली आहे, ओढ्याच्या काठी बेडकांनी अंड्यांच्या जेलीसारख्या माळा घातल्या आहेत, आणि दयाळ पक्षी माझ्या कौलावर बसून गातो, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांपुढे आपण म्हणायचो तसं, छाती काढून, मधेच श्वास संपून. कोंबड्या अंड्यावर बसायला लागल्या. मी सकाळी डोळ्यांत औषध घालतो, कुंपण बघतो, वाफ्यांना पाणी देतो, आणि मग खुर्ची घेऊन तुझ्या घराकडे तोंड करून बसतो.

त्या घरातून डोंगर आता स्वच्छ दिसतो, नाही? तेवढ्यासाठीच होतं ना सगळं?

एक सांगू? दवाखान्यात पट्टी असताना मी तुतीचाच विचार करत होतो. एक गोड नर्स होती, म्हणाली, "आजोबा, पट्टी सुटली की पहिल्यांदा काय बघणार?" मी म्हटलं, "माझ्या दारातून एक झाड दिसतं, ते." तिला मी आपली झाडाची कविता म्हणून दाखवली, सगळी कडवी. ती म्हणाली, किती छान. मग तू मला घरी आणून सोडलंस आणि गाडीतून उतरलासुद्धा नाहीस, घाईत होतास. मी पट्टी काढली. आणि दारातून दिसलं काय, तर आभाळाला भोक.

बुंध्यापाशी अजून भुसा ओला होता. थंडीनं गारठलेल्या माश्या भुश्यात मुठीमुठीनं पडल्या होत्या. काही अजून पाय हलवत होत्या. मी त्यांना ओंजळीत घेऊन तोंडाची वाफ दिली. तासभर तेच करत होतो. एकही उडाली नाही.

म्हणजे तू मला दवाखान्यात नेलंस ते माझ्या डोळ्यांसाठी नाही. झाड तोडताना ते डोळे इथे नसावेत म्हणून.

दूधवाली आज विचारत होती.

"काका, त्या मोठ्या घराच्या खिडक्या उघड्या राहिल्यात."

"राहिल्या नाहीत, ठेवल्यात."

"भावाला ठाऊक आहे का?"

"त्यानंच लिहिलंय, उघड म्हणून."

"आणि बंद करायचं?"

"ते नाही लिहिलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं, आणि मापाच्या वर थोडं दूध जास्त घातलं. न मागता.

दादा

२४ फेब्रुवारी

चि. चिमण्यास,
आशीर्वाद.

तुझ्याकडे पाहुणे आले आहेत. यजमान घरी नाही म्हणून मीच त्यांचं स्वागत केलं.

आधी पाखरं आली, भिंगऱ्या. जोडपं. पहिले दोन दिवस नुसत्या एका खिडकीतून शिरून दुसरीतून बाहेर, घर भाड्यानं घ्यायचं की नाही ते ठरवत असल्यासारख्या. मग त्यांना बैठकीतलं झुंबर पसंत पडलं. ओढ्याकाठचा चिखल चोचीत आणून आणून त्यांनी झुंबराच्या मधोमध एक वाटी लिंपली आहे, आणि लिंपताना जे सांडतं ते खाली तुझ्या पांढऱ्या सोफ्यावर. तो सोफा आता पांढरा म्हणायची पद्धत उरली आहे, एवढंच.

मग खार. तुझ्या कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, ते तू दुरुस्त करायला सांगितलं नव्हतंस. आत तुझे लोकरीचे स्वेटर आहेत. खारीला लोकर फार आवडते. राखाडी स्वेटरच्या बाहीत तिनं घर केलं आहे आणि तपकिरी स्वेटर ती कुरतडून त्या घरात गादी म्हणून नेते. मी दाराआडून पाहिलं तर तिनं मला असं झापलं की मला आईची आठवण झाली.

नळ सोडायला सांगितलं होतंस. न्हाणीघरातल्या टबाचा नळ मी थेंबथेंब सोडला आणि टबाचं भोक बंद केलं, कारण ते उघडं ठेव असं कार्डावर नव्हतं. आता टब भरला आहे. मग मला ओढ्याकाठच्या बेडकांच्या माळांची आठवण झाली. ओढा उन्हानं आटतो, बिचारी पिल्लं चिखलात मरतात. एका बादलीचा प्रश्न होता. आज टबात काळ्या स्वल्पविरामांची शाळा भरली आहे. थोड्या दिवसांत त्यांना पाय फुटतील आणि ते शाळेतून बाहेर पडतील. कुठे जातील, ते तुला कळेलच.

माळ्यावर पांढऱ्या तोंडाची घुबडं आली. ओळखलंस का? तीच जोडी, तुतीच्या वरच्या ढोलीतली. तू त्यांचं घर पाडलंस, त्यांनी तुझं घेतलं. त्यात मी काय केलं? मी फक्त दार उघडं ठेवलं, तेही तुझ्या सांगण्यावरून. संध्याकाळी ती तुझ्या खिडकीतून उंदीर घेऊन आत जातात, पाहुण्याला शोभेल अशा शांतपणे.

मी परवा त्या घरात बसून चार ओळी केल्या. गुरुजी असते तर म्हणाले असते, मात्रा मोज. पण ऐक:

खिडक्या उघडा, म्हणे धाकटा,
वारा येऊ द्या हो आत;
वाऱ्यासंगे आली भिंगरी
चिखल घेऊनी चोचीत.

पुढचं कडवं तुला यायला हवं. नाही येणार. तुला शेवटचं कडवं कधीच यायचं नाही. आपल्या एकखोली शाळेत सगळ्या इयत्ता एकत्र; तू उभा राहिलास की पहिली दोन कडवी धडाधड म्हणायचास, आणि मग मान खाली. मागच्या बाकावरून मी हळूच पहिला शब्द सांगायचो आणि तुझी गाडी सुटायची. शाबासकी तुला मिळायची. मला वाईट वाटायचं नाही. खरंच नाही. तुझ्या तोंडून शेवटची ओळ आली की मला वाटायचं, मीच म्हटली.

पण आता मागच्या बाकावरून काही ऐकू येणार नाही. पहिला शब्द तुझा तू शोध. सोपा आहे, तीन अक्षरांचा, आणि "च" पासून सुरू होतो.

दादा

७ मार्च

चिमण्या,

आशीर्वाद या वेळी नाहीत. उसने आणावे लागतील, तेव्हा बघू.

तुझं काही उत्तर नाही. कार्ड नाही, फोन नाही. मला वाटलं होतं स्वेटरवरून तरी तू तडकशील. तू लहानपणी स्वेटरवर डाग पडला तर जेवायचा नाहीस.

मग माझ्या लक्षात आलं, की चिखल धुता येतो. बेडूक सुपलीत भरून बाहेर टाकता येतात. नवा सोफा आणता येतो. तू एक दिवस माणसं लावशील आणि संध्याकाळी बाईसाहेब काचेसमोर बसून चहा पीत तो डोंगर बघतील. त्यांच्यासाठीच पाडलंस ना झाड? लग्न झाल्यापासून त्या इथे आल्या की ओठ मुडपून बसतात, जशी काही आपल्या अंगणाला घाण येते. तर मला असं काहीतरी हवं होतं जे तुला पुसून काढता येणार नाही. ज्याच्याकडे बघून तुझा हात थांबेल.

झाड पाडलं तेव्हा ढोलीतलं पोळं फुटून पडलं होतं. त्यातला एक तुकडा मी डब्यात जपून ठेवला होता. जुनं, काळं पडलेलं पोळं. त्याचा वास अजून गेलेला नाही. मधमाश्यांना जुन्या पोळ्याचा वास म्हणजे आपल्याला आजोळच्या कोनाड्याचा वास. कुठे कुणी आधी राहून गेलं आहे, म्हणजे तिथे राहता येतं, एवढं त्या त्यावरून ओळखतात. हे आपल्याला आईनं शिकवलं. रिकाम्या पेटीला ती आतून तसलं पोळं घासायची.

मी तुझ्या छपरावर चढलो.

दूधवालीनं शिडी धरली होती. खालून तिच्या तोंडाचा पट्टा चालूच.

"काका, या वयात पडलात तर माझं दूध कोण विकत घेईल?"

"घट्ट धर."

"धुराड्यात काय टाकताय? मेलेलं काही आहे का?"

"आहेही आणि नाहीही."

"तुमचं बोलणं म्हणजे ना! भावाचा एवढा राग?"

"तुझ्या भावानं तुझी म्हैस कापली असती तर?"

तिनं दुसऱ्या हातानंही शिडी धरली. मग म्हणाली, "दोरी नीट बांधा. सुटली तर खाली पडेल ते."

ते पोळं मी धुराड्याच्या आत दोरीनं टांगलं आणि आतल्या विटांना त्याचंच मेण घासलं. त्याला आता आठवडा झाला. आधी एक दोन माश्या आल्या, धुराड्याच्या तोंडाशी घिरट्या घालून गेल्या. मग दहा वीस. आणि काल भर दुपारी, मी वाफ्यात मुळे खुरपत असताना, तो आवाज आला.

तुला सांगतो, म्हातारपणी माणसाचं काळीज इतकं जोरात उडू नये. ढग ओढ्यावरून आला, तुतीच्या जागेवर आला, आणि तिथे रिकाम्या हवेत गोल गोल फिरला. झाड नाही तिथे! फिरला, फिरला. मी खुरपं टाकून उभा. मग वळला, तुझ्या छपरावर गेला आणि धुराड्यातून आत ओतला गेला, जसं नरसाळ्यातून धान्य.

ताट माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टांगलेलं आहे. मी ते काढलं नाही. वाजवलं असतं तर थवा माझा झाला असता. मला तो माझा व्हायला नको होता. तुझ्या घरात आला, तुझा. आता धुराड्यात हात घालून दाखव. पुन्हा एकदा मार त्यांना. या वेळी मी दवाखान्यात नाही. इथे खुर्चीत बसलो आहे, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

आणि एक लक्षात ठेव. तू येशील. ते घर राहण्याजोगं उरलेलं नाही. मग सामान घेऊन ओढा ओलांडशील आणि माझ्या दाराशी येशील, दादा म्हणशील, एक रात्र म्हणशील. माझ्या दाराला आतून कडी आहे. तो एक शब्द कानावर पडल्याशिवाय ती निघणार नाही. तुझ्यासाठी नाही, बाईसाहेबांसाठी तर नाहीच नाही.

दादा

१८ मार्च

चिमण्या,

मी रोज तुझ्या घरी जातो. आता लपवत नाही. तुझ्या खुर्चीत बसतो, तुझ्या कपात चहा पितो, आणि शेकोटीला कान लावतो. विटांच्या आत सबंध दुपार कुणीतरी गुणगुणत असतं. मी डोळे मिटले की तुतीला कान लावून उभा राहतो. आपण दोघं झाडाच्या दोन बाजूंना कान लावायचो आणि तू विचारायचास, "दादा, तुला काय ऐकू येतं?" मी म्हणायचो, कविता. तू म्हणायचास, मला जेवणाची घंटा.

भिंगरीच्या वाटीतून चार चोची वर आल्या आहेत. झुंबराखालच्या गालिच्याचं मूळ नक्षीकाम शोधायला आता त्यातला जाणकार लागेल. बेडकांना पाय फुटले. एक तुझ्या बुटात राहतो, उजव्या. घुबडांच्या पिल्लांचा आवाज अगदी माणूस घोरतो तसा येतो. तुझ्या लग्नाच्या फोटोवर भिंगऱ्यांनी बसायची जागा केली आहे. काचेवर ओघळ आले आहेत. फोटोत बाईसाहेब आता हसऱ्या दिसतात, तुझं मात्र तोंड दिसत नाही. मी पुसलं नाही.

यात मला किती सुख होतं, ते तुला कळायचं नाही. पूर्वी मला वाटायचं, सूड घेणाऱ्याला झोप येत नसेल. मला छान येते. सकाळी उठलो की आधी तुझ्या घराकडे बघतो आणि मनातल्या मनात म्हणतो, आज काय नवीन!

एक गोष्ट मात्र तुला सांगणार नव्हतो. बुंध्याला कोंब फुटले आहेत. चांगले ठसठशीत, हिरवे. मी पाहिलं आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. इतक्या लवकर? करवतीचा वास गेला नाही तोवर? मी त्या बुंध्यावर काठी आपटली आणि म्हटलं, तुला काही अभिमान आहे की नाही? तुला माफ करायचं तर कर. मी नाही करणार. मग काठी तिथेच टाकून घरी आलो, आणि संध्याकाळी कोंबांना शेळ्या लागू नयेत म्हणून काटेरी फांद्या लावून आलो.

हे कुणाला सांगू नकोस. झाडालाही नको.

दादा

२७ मार्च, सकाळ

चिमण्या,

धूर!

मी चहाचं पातेलं चुलीवर ठेवत होतो आणि खिडकीतून पाहिलं, तर तुझ्या धुराड्यातून धूर. म्हणजे आलास. पत्ता न लागू देता, काल अंधार पडल्यावर आला असशील. तुला ठाऊक नव्हतं म्हणून शेकोटी पेटवलीस, नाहीतर ठाऊक असून पेटवलीस. दुसरं असेल तर तुझ्यासारखा नीच माणूस जगात नाही.

मी दाराला कडी घातली आहे. टेबल खिडकीला लावलं आहे. आणि लिहितो आहे, कारण नुसतं बसवत नाही. तू काय काय पाहिलं असशील ते मी एकेक करून मनात बघतो आहे. बूट घातलास का? उजवा?

धूर दाट झाला.

निघाल्या. अरे, निघाल्या! धुराच्या आतून, काळ्या धारेसारख्या वर, आणि वर फुटून ढग. तुझ्या छपरावर आभाळ हलतं आहे. जिवंत आहेत. त्या जिवंत आहेत. कुठे जातील आता? कुठे जातील रे? आजूबाजूला एक ढोल शिल्लक ठेवली नाहीस.

बुंध्यावर फिरताहेत.

आवाज येतो आहे. हा आवाज मला येतो आहे की खराच येतो आहे, तेच कळेना म्हणून पेन खाली ठेवलं. खरा आहे. ठण्, ठण्, ठण्. पितळेचा नाही, पोकळ आहे, पण तोच. तू? तुला आठवलं? चिमण्या, तू ताट घेऊन धावतो आहेस?

ओढ्यावरच्या फळीवर कुणीतरी आहे. डोक्यावर ढग. मान वर. धुरानं तोंड काळं. अंगात तुझा तपकिरी स्वेटर, त्याची एक बाही कुरतडलेली. चाल तुझी नाही.

बाईसाहेब आहेत.

मी खिडकीचा पडदा ओढला. मग पुन्हा थोडा बाजूला केला. हातात तुझ्या स्वयंपाकघरातलं कसलंसं चकचकीत भांडं आहे आणि त्यावर त्या लाकडी पळी मारताहेत. वाजवताना एकदाही थांबल्या नाहीत, माझ्या मुळ्यांच्या वाफ्यातून सरळ चालत आल्या, मुळे तुडवत. थवा माझ्या दाराच्या चौकटीवर उतरला. मी आतून लाकडावर हात ठेवला तर दार गुणगुणतं आहे.

त्या बाहेरून बोलताहेत. मी जसंच्या तसं लिहितो, कारण खोटं वाटेल.

"भाऊजी, दार उघडा."

मी पडद्यापासून मागे सरलो.

"आत आहात ते माहीत आहे. पडदा हलला."

मी लिहीतच राहिलो.

"हे आले नाहीत. एकटी आलेय. अहो, ते तुमची पत्रं उघडतसुद्धा नाहीत! दादाचं पत्र म्हणजे आत कविता असणार, म्हणून कपाटावर टाकतात. मी वाचते. पहिल्यापासून."

चिमण्या, मग इतके दिवस मी हे सगळं कुणाला लिहीत होतो?

"शेकोटी मीच पेटवली," त्या म्हणताहेत. "मुद्दाम. ओल्या पाल्याचा नुसता धूर, जाळ नाही. त्यांना इजा नको म्हणून. पुढच्या थंडीत शेकोटी पेटली की त्या धुराड्यात त्या मेल्याच असत्या. रागाच्या भरात तुम्हाला एवढं कळलं नाही. घुबडांना हात लावला नाही, भिंगऱ्यांना नाही. बेडूक मात्र माझ्या अंथरुणात होता, त्याला टबात सोडला. आणि ऐका, डोंगर मला नको होता. डोंगर काय, कुठूनही दिसतो. मला तुती हव्या होत्या. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या आईनं ओंजळभर दिल्या होत्या. झाड पाडायला आमच्या यांना कारण लागत नाही, बायकोचं नाव पुरतं."

वाजवणं थांबलेलं नाही. बोलताना सुद्धा.

मी आतून विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्यानं काही सांगितलंय?"

"तो तीन अक्षरी शब्द ना? अहो भाऊजी, आमच्या लग्नापासून मी वाट बघतेय. तुम्ही नंबर लावा माझ्या मागे."

मग जरा थांबून, म्हणजे बोलायचं थांबून, वाजवायचं नाही:

"मी माफी मागायला आलेली नाही. माझ्या माश्या घ्यायला आलेय. त्यांच्यामागे वाजवत मी आलेय, तुम्ही नाही. थवा माझा. बसलाय तुमच्या दारात. आता पेटी द्या आणि पाणी विचारा. कायदा तुमच्याच पत्रात आहे. धावून धावून घसा सुकलाय."

चिमण्या, हे पत्रही तू उघडणार नाहीस, तेव्हा निर्धास्त लिहितो. तुझ्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही. उलट आता त्याला जोडीदार मिळाला आहे. आईचं ताट भिंतीवरून काढून खाली ठेवलं आहे, बाहेरचं भांडं अगदीच पोकळ वाजतं, ते बदलून द्यायला हवं. रिकामी पेटी खाटेखाली आहे, तिला आतून जुनं मेण घासायचं आहे. तांब्या भरला आहे.

ठण्, ठण्, ठठण्. करवतवाल्याच्या दारात आई थांबली नव्हती, ही पण थांबत नाही.

कडी काढतो आहे. तुझ्यासाठी नाही.